कडकडाट आणि गडगडाट : मोठ्या आवाजांचे इंग्रजी शब्द व मराठीची नादव्यवस्था

मोठ्या आवाजांना इंग्रजी भाषेत शब्द पुष्कळ आहेत. बँग, बूम, क्रॅश, क्रॅक, क्लॅप, थड, थम्प, क्लँग, क्लॅटर, रंबल, रोर, पील ही यादी कोणत्याही कोशातून सहज वाढविता येते. मराठी विद्यार्थी किंवा भाषांतरकार या यादीपुढे बसला म्हणजे प्रत्येक शब्दासमोर एकेक प्रतिशब्द लिहू पाहतो, आणि पाचदहा शब्द होतात न होतात तोच ‘मोठा आवाज’, ‘प्रचंड आवाज’ अशा वर्णनांवर येऊन थांबतो. यावरून या क्षेत्रात मराठी दरिद्री आहे, असा समज रूढ होतो. हा समज निराधार आहे. इंग्रजीने मोठे आवाज बहुतांशी तयार शब्दांत साठविले आहेत. मराठीने ते ध्वनिघटकांत आणि ते घटक जोडण्याच्या रीतीत साठविले आहेत. शब्दासमोर शब्द ठेवून या दोन व्यवस्थांची तुलना होऊ शकत नाही. आणि ती तशी केली असता केवळ कोशातच नव्हे तर व्यवहारातही चूक होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी बुलढाणा जिल्हा समोर ठेवला आहे. त्याची कारणे तीन. येथे वऱ्हाडी बोलीचे क्षेत्र आहे, आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू व निहाली या मराठीशी कुलसंबंध नसलेल्या भाषाही नांदतात. खामगावसारखी कापसाची जुनी बाजारपेठ येथे आहे. आणि ज्याच्या उत्पत्तीचे वर्णन करताना ‘स्फोट’ हा शब्द टाळता येत नाही, ते लोणारचे सरोवरही याच जिल्ह्यात आहे.

१. इंग्रजी शब्दांचे थर

इंग्रजीतील नादवाचक शब्दांत तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर भारत-युरोपीय वारशाचा. ‘मोठा (आवाज)’ या अर्थाचे लाउड हे विशेषण आणि संस्कृत ‘श्रुत’ ही एकाच मूळ धातूची रूपे होत. जे ऐकले गेले ते श्रुत, आणि तेच पुढे इंग्रजीत ‘मोठ्याने ऐकू येणारे’ झाले. गोंगाट या अर्थाचा डिन हा शब्द संस्कृत ‘ध्वन्’ धातूचा आप्त आहे. लॅटिनमधून फ्रेंचद्वारा आलेला साउंड हा ‘स्वन’ या शब्दाचा, आणि मेघगर्जना या अर्थाचा थंडर हा ‘स्तनयित्नु’ या वैदिक शब्दाचा आप्त आहे. या शब्दांना आज अनुकरणशब्द म्हणता येत नाही. ते सामान्य शब्दांप्रमाणेच ध्वनिनियमांनी बदलत आले.

दुसरा थर लॅटिन-फ्रेंच उसनवारीचा. नॉइज या शब्दाचे मूळ बहुतेक व्युत्पत्तिकार ‘मळमळ’ या अर्थाच्या लॅटिन नॉशिआ शब्दात पाहतात. डेटोनेशनमध्ये गर्जना करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. घंटानादासाठी व मेघगर्जनेसाठी वापरला जाणारा पील हा शब्द अपील म्हणजे हाक या शब्दाचे संक्षिप्त रूप होय.

तिसरा थर अनुकरणाचा. बूम, क्रॅश, थम्प, क्लँग हे त्यातले. या थरात काही अंतर्गत रचना आहे. क्लिंक, क्लँक, क्लँग, क्लॅटर, क्लॅप, क्लॅश यांचा आरंभ एकाच व्यंजनजोडीने होतो आणि सर्वांत दोन वस्तू एकमेकींवर आदळण्याचा अर्थ आहे. क्रॅश, स्मॅश, बॅश, स्प्लॅश यांचा शेवट सारखा आहे आणि सर्वांत जोराचा आघात आहे. अशा अर्थसूचक ध्वनिगटांना जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये फोनीस्थीम अशी संज्ञा दिली. तथापि या गटांपासून नवा शब्द नियमाने सिद्ध करता येत नाही. क्लँग आहे म्हणून त्याचे ‘एकदाच’, ‘पुनःपुन्हा’ व ‘सभोवार पसरलेले’ अशी तीन रूपे इंग्रजी वक्ता ठरावीक प्रत्यय लावून करीत नाही. मराठीचा मार्ग येथेच वेगळा होतो.

२. मराठीतील ध्वनिघटक

मराठी अनुकरणशब्दाचा पाया बहुधा दोन व्यंजनांचा असतो. त्यांतील दुसरे व्यंजन आवाजाचा प्रकार सांगते. पहिले व्यंजन ‘ख’ कायम ठेवून दुसरे बदलले असता पुढील मालिका मिळते : नाण्यांची खणखण, रिकाम्या बैलगाडीची खडखड, ओढ्याची खळखळ, खडबडीत पृष्ठावर घासण्याची खरखर. ‘ण’ने धातूचा घुमणारा नाद सूचित होतो, ‘ड’ने कठीण वस्तूंची टक्कर, ‘ळ’ने द्रवाचा ओघ आणि ‘र’ने अखंड घर्षण किंवा कंप. हीच मालिका ‘घ’ने सुरू करावी : घंटेची घणघण, घडघडा वाचणे, घळघळा अश्रू गाळणे, जात्याची घरघर. दोन्ही मालिकांत दुसऱ्या व्यंजनाचे कार्य बरेचसे स्थिर राहते. ‘घडघडा वाचणे’ यात टक्कर नाही, परंतु एकामागून एक सुटे आघात आहेत. म्हणून तेथेही ‘ड’चा अर्थ पूर्णपणे लोपलेला नाही.

पहिले व्यंजन आणि स्वर आवाजाचे आकारमान सांगतात. बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण आणि देवळातील घंटेची घणघण हे तीन शब्द एका ओळीत ठेवले की वस्तूचा आकार वाढत गेलेला दिसतो. त्यासरशी अघोष अल्पप्राण ‘क’ व ऱ्हस्व ‘इ’ येथून अघोष महाप्राण ‘ख’ आणि तेथून घोष महाप्राण ‘घ’ अशी चढण होते. ‘इ’सारख्या स्वराशी लहानपणाचा व ‘आ’सारख्या स्वराशी मोठेपणाचा संबंध वक्ते जोडतात, हे एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. मराठीत या प्रवृत्तीला व्यंजनांच्या घोषत्वाची व महाप्राणत्वाची जोड मिळाली आहे. इंग्रजीत अशी चतुर्विध व्यंजनव्यवस्था नसल्याने तेथे हे काम मुख्यतः स्वरांवर पडते. क्लिंक आणि क्लँक यांतील भेद अशाच प्रकारचा आहे.

ही व्यवस्था काटेकोर गणिती नाही. अपवाद आहेत, आणि एकाच वस्तूला दोन पायेही लागतात. दूरध्वनी खणखणतो आणि घणघणतोही. परंतु या दोन क्रियापदांतील फरक कोणाही मराठी वाचकाला समजावून द्यावा लागत नाही, हेच व्यवस्था जिवंत असल्याचे गमक होय.

३. एकदा, पुनःपुन्हा, सर्वत्र

पायावर होणाऱ्या प्रक्रिया मुख्यतः चार आहेत. ‘-कन’ किंवा ‘-दिशी’ लावल्याने आवाज एकदाच व अकस्मात झाल्याचे कळते : धाडकन, काडकन, खणकन, खणदिशी. द्विरुक्तीने तो चालू राहिल्याचे कळते : धडधड, कडकड. दोन आवृत्त्यांच्या मध्ये ‘आ’ आला म्हणजे आघात त्वरेने एकामागून एक होतात : धडाधड, फटाफट. आणि ‘-आट’ लावल्याने नाम सिद्ध होते : कडकडाट, दणदणाट, घणघणाट. याखेरीज धडधडणे, कडाडणे अशी क्रियापदे होतात. इंग्रजीतील बँग या एका शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. दार एकदा आपटले की वारंवार आपटत आहे, आणि आघात होणारी वस्तू लाकडाची की धातूची, हे ठरल्याविना मराठीत शब्दच निवडता येत नाही.

‘-आट’ या प्रत्ययाचा विशेष विचार करणे अवश्य आहे. तो मोठेपणा दाखवितो असे सामान्यतः मानले जाते. परंतु घमघमाट हा सुगंधाचा, लखलखाट प्रकाशाचा आणि शुकशुकाट तर निर्मनुष्य शांततेचा असतो. यांतील एकाही शब्दात मोठा आवाज नाही. या सर्वांत समान आहे ती गोष्ट इतकीच, की इंद्रियाला जाणवणारा अनुभव सभोवतालची जागा भरून टाकतो. अंगण सुगंधाने भरते, सभामंडप टाळ्यांच्या कडकडाटाने भरतो आणि बसस्थानक शुकशुकाटाने भरते. यास्तव ‘-आट’चा मूळ अर्थ तीव्रता नसून व्याप्ती आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. मोठा आवाज जागा भरतो म्हणून त्याला हा प्रत्यय लागतो. तिजोरीतला खडखडाट आणि विहिरीतला ठणठणाट यांनी रितेपणा सूचित व्हावा, हेही याच दृष्टीने उलगडते. रिकामे भांडेच घुमते; आवाजाने भरलेली जागा ती वस्तूंनी रिकामी असलेली जागा.

अशा शब्दांची दखल भारतीय व्याकरणाने फार पूर्वी घेतली होती. पाणिनीने स्पष्ट वर्ण नसलेल्या आवाजाच्या अनुकरणाला ‘अव्यक्तानुकरण’ म्हणून अशा शब्दांसाठी ‘डाच्’ हा प्रत्यय सांगितला (५.४.५७), ‘पटपटाकरोति’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मराठीतील ‘पटपटा’ त्यापासून दूर नाही.

४. थंडर या एका शब्दाचे दोन भाग

या विवेचनाचा व्यवहाराशी असलेला संबंध विजेच्या आवाजात उत्तम रीतीने दिसतो. मृगाच्या सुमारास आणि परतीच्या पावसात विदर्भातील शेतकरी उघड्या रानात असतो, आणि वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. विजेच्या आवाजाला इंग्रजीत थंडर हा एक सर्वसमावेशक शब्द आहे. क्रॅक, क्लॅप, रंबल, पील हे भेद वर्णनासाठी आहेत. सूचनापत्रकात मात्र थंडर एवढेच म्हटले जाते. मराठीत असा एकच बोलीतला शब्द नाही. वीज कडाडते, ढग गडगडतात. मेघगर्जना हा शब्द दोहोंना व्यापतो, पण तो ग्रांथिक आहे.

कडकडाट आणि गडगडाट यांत आरंभीच्या व्यंजनाचा, म्हणजे अघोष ‘क’ व घोष ‘ग’ यांचाच काय तो भेद आहे. त्यामागे पदार्थविज्ञानाचा आधार आहे. विजेच्या मार्गातील हवा क्षणार्धात अतितप्त होऊन प्रसरण पावते व आघाततरंग निर्माण होतो. श्रोता जवळ असेल तर उच्च कंप्रतेचे घटक शाबूत असतात आणि आवाज कोरडा, तुटक व तीक्ष्ण येतो. श्रोता दूर असेल तर वाटेतील हवा उच्च कंप्रतेचे घटक शोषून घेते. शिवाय वीजरेषेच्या निरनिराळ्या भागांतून आणि प्रतिध्वनींतून निघालेला नाद वेगवेगळ्या वेळी पोचतो, आणि खोल, लांबलेला घोष ऐकू येतो. म्हणून कडकडाट हे बहुधा सान्निध्याचे व गडगडाट हे अंतराचे चिन्ह होय. प्रकाश दिसल्यापासून आवाज येईपर्यंत जाणाऱ्या दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर, या हिशेबाने त्याचा पडताळा घेता येतो.

आता सूचनेचा विचार करू. गर्जना ऐकू येताच उघड्यावरून पक्क्या आसऱ्याखाली जावे, ही सूचना जगभर दिली जाते. कारण गर्जना ऐकू येण्याइतक्या अंतरावरील ढगातून पुढची वीज श्रोत्याजवळ पडू शकते. तीत अभिप्रेत असलेला थंडर हा दूरचा मंद आवाजही आहे. हवामानवृत्तांत ‘विजांच्या कडकडाटासह पाऊस’ हा प्रयोग रूढ आहे, आणि अंदाज म्हणून तो योग्यही आहे. परंतु त्याच वळणावर ‘विजांचा कडकडाट ऐकू आल्यास आसरा घ्यावा’ असे भाषांतर केले, तर ज्याला केवळ गडगडाट ऐकू येत आहे तो ही सूचना आपल्यासाठी नाही असे समजू शकेल. शब्द ऐकणाऱ्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. त्याच्या भाषेत कडकडाट म्हणजे वीज जवळ आल्यानंतरचा आवाज, आणि तोपर्यंत थांबणे घातक असते. ‘ढग गडगडू लागताच आसरा घ्यावा’ हेच त्या सूचनेचे यथार्थ मराठी होईल. कोशात थंडर या शब्दासमोर कडकडाट व गडगडाट हे दोन शब्द स्वल्पविराम देऊन ठेवणे पुरेसे का नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

५. बाजारातील आवाज

अनुकरणशब्द आवाजाचे क्षेत्र सोडून अन्यत्र गेले तरी आपली घडण बरोबर नेतात. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला, हिंदुस्थानातील कापसाचे भाव अतोनात वाढले आणि युद्ध संपताच ते उतरले. वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचे खामगाव हे मोठे केंद्र होते. जलंबहून तेथे जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, तो या व्यापारासाठीच. अशा चढउतारांना इंग्रजीत बूम आणि क्रॅश म्हणतात. मराठी बाजारवृत्तांत भाव कडाडतात आणि गडगडतात.

दोन्ही भाषांनी बाजाराला आवाज दिला हे साम्य लक्षणीय आहे; परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. क्रॅश हा पडण्याच्या शेवटी होणारा एकच आघात आहे. गडगडणे ही घरंगळण्याची, टप्प्याटप्प्याने खाली येण्याची क्रिया आहे. उतारावरून धोंडा गडगडत येतो तसे भाव येतात. एका सत्रात कोसळलेल्या भावाला ‘कोसळले’ हेच क्रियापद साजते. कित्येक आठवडे उतरत राहिलेल्या भावाला ‘गडगडले’ म्हणणे अधिक नेमके. तसेच कडाडणे यात तेजीच्या सुबत्तेपेक्षा आसुडासारखा अनपेक्षित फटका आहे. त्यामुळे हे क्रियापद बहुधा विकत घेणाऱ्याच्या बाजूने बोलते. बूम या शब्दात मात्र विकणाऱ्याचा हर्ष आहे. बूमचे भाषांतर ‘भाव कडाडले’ असे केले असता माहिती तीच राहते, पण बोलणारा बदलतो.

६. स्फोट : आवाज हरवलेला शब्द

आतापर्यंत बोलीतील शब्दांचा विचार झाला. शास्त्रीय लेखनात चित्र पालटते. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून बेसाल्ट खडकात आहे. दीर्घ काळ ते ज्वालामुखीजन्य समजले जात होते. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताने रूपांतरित झालेल्या खनिजांचा पुरावा प्रसिद्ध केल्यानंतर अशनिपाताचा सिद्धान्त दृढ झाला. दोन्ही मतांच्या मांडणीत ‘स्फोट’ हा शब्द येतो.

इंग्रजी एक्स्प्लोजन या शब्दाचा इतिहास रंजक आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘टाळ्या वाजवून नटाला रंगभूमीवरून हाकलणे’ असा होता. त्यातून ‘मोठ्या आवाजासह बाहेर फेकणे’ व पुढे ‘फुटणे’ असा अर्थविकास झाला. संस्कृत ‘स्फोट’ याच्या मुळाशी ‘स्फुट्’ म्हणजे फुटणे, उमलणे हा धातू आहे; त्यात आवाज मुळातच गौण आहे. व्याकरणदर्शनात भर्तृहरीने ज्या स्फोटाचे विवेचन केले, त्यात तर कानावर पडणारा ध्वनी हा केवळ व्यंजक आहे. इंग्रजी शब्द नादाकडून फुटण्याकडे आला, तर मराठीने शास्त्रासाठी निवडलेला शब्द फुटण्यापासूनच निघाला. लोणारसंबंधीच्या लेखनाला ही निवड अनुकूल ठरली, कारण तेथे प्रतिपाद्य आहे ते खडकाचे काय झाले हे. पण वृत्तपत्रात फटाक्यापासून वायुटाकीपर्यंत सर्वत्र ‘स्फोट’ एवढाच शब्द येऊ लागला की ढुम्म, धडाम, फाट यांनी मिळणारी माहिती गळते. प्रत्यक्षदर्शी माणूस ‘धडाडधूम झाले’ म्हणतो, आणि वृत्तलेखक ‘स्फोटाचा आवाज आला’ असे लिहितो.

७. कोशाचे व क्षेत्राचे काम

मोल्सवर्थ यांनी १८३१ च्या आणि १८५७ च्या सुधारलेल्या मराठी-इंग्रजी कोशात अनुकरणशब्दांना मुबलक जागा दिली व ते अनुकरणात्मक असल्याची खूणही केली. दाते-कर्वे यांच्या १९३२ पासून निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशानेही या शब्दांचा मोठा संग्रह केला. तथापि कोशाची मांडणी वर्णानुक्रमाची असल्याने धाडकन, धडधड, धडाधड, धडाड हे एका पायाचे शब्द विखुरले जातात आणि त्यांतील व्यवस्था दृष्टीआड होते. पुढील कोशांत पाया ही मुख्य नोंद असावी. तिच्याखाली आवाज कशाचा, आघात किती वेळा आणि व्याप्ती किती, या तीन प्रश्नांची उत्तरे रूपागणिक द्यावीत. इंग्रजी शब्दाचे मराठी रूपही या तीन प्रश्नांनंतरच ठरावे.

क्षेत्रकार्याच्या दृष्टीने बुलढाणा जिल्हा एक कसोटी पुरवितो. वऱ्हाडीत प्रमाण मराठीच्या ‘ळ’ऐवजी ‘य’ येतो. काळा, डोळा यांची रूपे काया, डोया अशी होतात. ‘ळ’ने द्रवाचा ओघ सूचित होतो हे वर दाखविले आहे. मग खळखळ, घळघळ, भळभळ या शब्दांत वऱ्हाडी वक्ता काय करतो? ‘य’ येत असेल तर हे शब्द सामान्य शब्दांप्रमाणेच ध्वनिनियमांना वश आहेत असे ठरेल. ‘ळ’ टिकत असेल तर अनुकरण ध्वनिनियमाला रोखून धरते असे म्हणता येईल. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात अनुकरणातून आलेला लॅटिन पिपिओ हा शब्द ध्वनिबदलाने फ्रेंच पिजाँ कसा झाला, व त्याचे अनुकरणत्व कसे गेले, हे उदाहरण दिले आहे. वऱ्हाडीतील पुरावा त्या उदाहरणाला पुष्टी देतो की प्रतिवाद करतो, हे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणानेच निश्चित व्हावयाचे आहे. नोंद घेताना शब्द उच्चारून विचारू नये. ओढा, घागर किंवा जखम यांचे वर्णन वक्त्याकडून करवून घ्यावे, म्हणजे शब्द आपोआप येईल.

दुसरे काम तुलनेचे. द्विरुक्त अनुकरणशब्द हे भारतीय भाषाक्षेत्राचे समान लक्षण आहे व ते भाषाकुलांच्या सीमा ओलांडते, हे एम. बी. एमेनो यांनी १९६९ मध्ये सविस्तर मांडले. जळगाव जामोद तालुक्यात मराठी, मुंडा कुलातील कोरकू आणि कोणत्याही कुलात निश्चितपणे न बसणारी निहाली एकमेकींच्या सान्निध्यात आहेत. १९६२ मध्ये कायपर यांनी निहालीचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाही ती थोड्यांचीच भाषा होती. शब्दसंग्रह करताना शरीरावयव, नातीगोती व संख्या यांना अग्रक्रम मिळतो आणि आवाजाचे शब्द किरकोळ म्हणून मागे राहतात. वास्तविक, भाषा मागे पडू लागली म्हणजे कथा सांगणाऱ्याच्या तोंडचे हेच शब्द लवकर नाहीसे होण्याचा संभव असतो. कारण ते पुस्तकात जात नाहीत आणि शाळेत शिकविले जात नाहीत. पावसाळ्यातील एका संध्याकाळी, एकाच आभाळाखाली, तिन्ही भाषांच्या वक्त्यांना ढगांचा आवाज कसा आहे एवढेच विचारले आणि उत्तरे जशीच्या तशी नोंदविली, तर या अभ्यासाचा आरंभ होऊ शकेल.